मुरूम आज दिसतो, सुरू होतो दोन महिने आधी

प्रश्न असा आला आहे: “माझं वय २१. दहावीपासून चेहऱ्यावर मुरूम आहेत. मेडिकलमधून आणलेल्या क्रीमने आधी खूप फरक पडला, पण ती सोडली की दुप्पट येतात. नंतर स्किनच्या डॉक्टरांनी एक जेल दिली. ती लावल्यावर पंधरा दिवसांत तोंड सोलवटलं, मुरूमही वाढले, म्हणून बंद केली. आई म्हणते पोट साफ नाही, अंगात उष्णता आहे. कायमचा उपाय सांगा.”

माझ्या मुलीच्या वयाची आहेस, तेव्हा ‘तू’च म्हणते. सांगलीकडे चोवीस वर्षं त्वचारोगांची ओपीडी करतेय आणि ही कहाणी जवळपास रोज ऐकते. नाव-गाव तेवढं बदलतं. गंमत म्हणजे, जी वस्तू तुला लागू पडली असं वाटतंय तिनेच घोळ केलाय, आणि जी तू फेकून दिलीस तीच बहुतेक खरं औषध होती. असं का म्हणते, ते कळायला मुरूम येतो कुठून हे आधी बघावं लागेल.

खिडकीशी उभी राहा, गालाची कातडी दोन बोटांनी ताण आणि आरशात तिरकं बघ. जिथे लाल फोड नाही तिथेही रव्याच्या कणाएवढे, त्वचेच्याच रंगाचे दाणे दिसतील. मुरमाचं हे लहानपण. आपल्या प्रत्येक बारीक केसाच्या मुळाशी तेलाची एक ग्रंथी असते आणि ते तेल एका अरुंद नळीतून वर येतं. वयात येताना अँड्रोजन नावाची संप्रेरकं वाढतात (मुलींमध्येही असतात ती), ग्रंथी जास्त तेल सोडायला लागते, आणि त्याच वेळी नळीच्या आतल्या मेलेल्या पेशी सुट्या होऊन बाहेर पडायच्या ऐवजी एकमेकींना चिकटतात. नळीत बूच बसतं. सुरुवातीला ते डोळ्यांना दिसतही नाही. हे न दिसणारं बूच मोठं होऊन वर यायला साधारण आठ आठवडे लागतात. तोंड बंद राहिलं तर व्हाइटहेड, उघडं राहिलं तर ब्लॅकहेड. ब्लॅकहेडचा काळेपणा मळाचा नसतो, त्वचेतल्याच रंगद्रव्याचा असतो. म्हणून दिवसातून सहा वेळा तोंड धुऊन तो जात नाही.

मग येतो जंतू. क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हे त्याचं नाव. २०१६ पर्यंत त्याला प्रोपिओनिबॅक्टेरियम म्हणायचे, जुन्या पुस्तकांत तेच सापडेल. हा बाहेरून आलेला नाही, तुझ्या-माझ्या सगळ्यांच्या त्वचेवर तो मुक्कामाला असतो. त्याला हवा मानवत नाही, तेल आवडतं. बूच बसलेल्या नळीत त्याला दोन्ही सोयी मिळतात. शरीर त्याच्यावर आणि साचलेल्या तेलावर चिडतं, तो भाग लाल होतो, पू धरतो. नळीची भिंत आतच फुटली तर खोल, दुखरी गाठ होते, आणि पुढे खड्डे पडतात ते बहुतेक अशा गाठींचे. सुश्रुतसंहितेत मुरमांना ‘मुखदूषिका’ म्हटलंय आणि शाल्मलीच्या, म्हणजे आपल्या काटेसावरीच्या काट्याची उपमा दिलीय. काटेसावरीचं खोड जवळून पाहिलं असशील तर पटेल: खाली रुंद, वर टोकदार, आणि मूळ आत.

मोरी तुंबली की आपण वरची फरशी घासत बसत नाही, जाळी काढतो. मुरमाचंही तेच. आज दिसणाऱ्या फोडावर काहीतरी टेकवणं म्हणजे फरशी पुसणं. पुढच्या दोन महिन्यांत वर येणारी बुचं आत्ता तयार होतायत आणि औषध त्यांच्यासाठी असतं. म्हणून ते फोडावर नाही, सगळ्या चेहऱ्यावर लावायचं. आणि म्हणूनच बारा आठवड्यांच्या आत त्याचा निकाल लावायचा नाही. तू पंधरा दिवसांतच लावलास.

आता ती मेडिकलची क्रीम. नाव तू लिहिलं नाहीस, पण ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाच. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन, डेक्सामेथासोन यातलं काही दिसलं की ते स्टेरॉइड. जोडीला हायड्रोक्विनोन (रंग फिका करणारं) आणि ट्रेटिनॉइन (अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध) असेल तर ती तिहेरी क्रीम. मूळ कल्पना वाईट नव्हती. फिलाडेल्फियाच्या अल्बर्ट क्लिगमन यांनी १९७५ साली वांगासाठी हे मिश्रण मांडलं, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजक्या काळासाठी. (याच माणसाने १९६९ मध्ये मुरमांसाठी ट्रेटिनॉइन पुढे आणलं, ज्यावर आजचा आमचा अर्धा धंदा उभा आहे, आणि याच माणसाच्या नावावर होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवरच्या प्रयोगांचा डागही आहे. वैद्यकाचा इतिहास असा सरमिसळ असतो.) आपल्याकडे मात्र ते काउंटरवरून ‘गोरं व्हायची क्रीम’ म्हणून हातोहात गेलं.

स्टेरॉइड सूज दाबतं आणि रंग उजळवतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लाली ओसरते, मैत्रिणी विचारतात काय लावतेस. पण बूच तसंच राहतं. महिने जातात तशी त्वचा पातळ होते, गालावर लाल शिरांची जाळी दिसायला लागते, बारीक लव दाट होते, उन्हात गेलं की तोंड भाजल्यासारखं होतं. आणि स्टेरॉइड स्वतःच मुरूम आणतं: एकाच मापाचे, एकदम उठलेले. एक मुलगी दुपारी ओढणीत तोंड गुंडाळून आली होती. म्हणाली, “मॅडम, लावलं की चांगलं राहतं, चार दिवस नाही लावलं की आग होते. आता पुदिन्याची चटणी वाटताना वाफ… म्हणजे वास आला तरी चेहरा तापतो.” तिच्या पिशवीत त्याच क्रीमच्या तीन रिकाम्या ट्यूब निघाल्या. व्यसन म्हणतात ते याहून वेगळं नसतं. त्वचारोगतज्ज्ञांच्या आयएडीव्हीएल या देशव्यापी संघटनेने याविरुद्ध बरीच वर्षं आवाज उठवला, २०१८ मध्ये सरकारने त्वचेवर लावायची अशी स्टेरॉइड्स चिठ्ठीशिवाय विकू नयेत असं बंधन घातलं. काउंटरवर काय चालतं ते तू मला सांगू शकशील.

तुझी क्रीम यातलीच निघाली तर ती बंद करायची. ‘सोडली की दुप्पट येतात’ हा तिचा सूड आहे, तिच्या गुणाचा पुरावा नाही. सोडल्यावर काही आठवडे, कधी दोन-तीन महिने, चेहरा आधीपेक्षा वाईट दिसेल: लाल, फोड, जळजळ. नेमकं इथेच मुली परत तीच ट्यूब उचलतात. हा काळ एकटीने काढू नकोस, आम्ही त्यात गोळ्या आणि सौम्य मलमं देऊन बराच त्रास कमी करू शकतो. तोवर साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, बस. चेहरा शांत झाल्याशिवाय खालची औषधं सुरू करायची नाहीत.

आता ती जेल. डॉक्टरांनी दिलेली जेल बहुधा अ‍ॅडापलीन असावी, ०.१ टक्के. हे रेटिनॉइड, बूच बसूच न देणारं औषध. माझ्या लेखी मुरमांच्या उपचाराचा कणा. पण लावायचं कसं हे सांगायला ओपीडीत कुणाला वेळ नसतो. मलाही प्रत्येक वेळी मिळतो असं नाही. तू बहुतेक तोंड धुऊन लगेच, ओल्या चेहऱ्यावर, भरपूर, रोज लावलीस. असं कर: रात्री साध्या फेसवॉशने तोंड धू, टिपून घे, पंधरा-वीस मिनिटं जाऊ दे. मग मटारच्या एका दाण्याएवढी जेल बोटाच्या पेरावर घे. सगळ्या चेहऱ्याला तेवढीच, एक दाणा. कपाळ, दोन गाल, नाक, हनुवटी असे पाच ठिपके दे आणि पसरव. डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्यांच्या घड्या, ओठांच्या कडा सोडून दे. सोलवटतं ते इथूनच. पहिले तीन आठवडे एक दिवसाआड. त्वचा फारच नाजूक असेल तर आधी मॉइश्चरायझर, वरून जेल. पहिल्या महिन्यात आतली बुचं भराभर वर येतात, मुरूम वाढल्यासारखे वाटतात. ते अपेक्षितच आहे. चेहरा लाल होऊन चुरचुरला तर दोन दिवस थांब, पुन्हा सुरू कर. कचऱ्यात टाकू नकोस. गरोदर असताना किंवा तसा विचार असताना मात्र रेटिनॉइड नाही.

सकाळसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड, २.५ टक्क्यांचं. दहा टक्क्यांचं जास्त झोंबतं, फायदा मात्र साधारण तेवढाच. जंतू याला सरावत नाहीत, हा त्याचा मोठा गुण. नुसती क्लिंडामायसिन या अँटिबायोटिकची जेल महिनोन्महिने लावली की जंतू निर्ढावतात. म्हणून ती द्यायची झाली तर याच्या जोडीनेच. अवगुण एकच: कपड्यांचा रंग उडवतं. माझ्या एका पेशंटच्या आईने चिंचेच्या रंगाच्या नव्याकोऱ्या टॉवेलवर पांढरे ढग दाखवून मला जाब विचारला होता. पांढरा टॉवेल वापर, उशीचा अभ्राही पांढराच.

आईच्या उष्णतेकडे येऊ. मी लहान असताना आजी जायफळ सहाणेवर दुधात उगाळून माझ्या हनुवटीवर लावायची, आणि वर आंबा बंद करायची. जायफळाने काही झालं नाही, आंब्याचं दुःख अजून आहे. पोट साफ नसल्याने मुरूम येतात याला आधार नाही. पण आहाराचा काहीच संबंध नाही असं आम्ही पूर्वी छातीठोकपणे सांगायचो, तेही आता सांगत नाही. रक्तातली साखर भरकन वाढवणारं खाणं, म्हणजे मैदा, साखर, गोड पेयं, इन्शुलिन वाढवतं आणि त्यातून तेलग्रंथी चेकाळतात. ऑस्ट्रेलियात तरुण मुलांना बारा आठवडे असं खाणं कमी करून पाहिलं, मुरूम घटले. २००७ सालचा हा अभ्यास. पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावर बाराशे लोक तपासले तर एकालाही मुरूम नव्हता. अर्थात त्यात रक्ताचा, म्हणजे आनुवंशिकतेचा वाटा किती हे वेगळं काढता येत नाही. दुधाचा संबंध काहींत दिसतो, सगळ्यांत नाही. व्हे प्रोटीनचा मात्र मला रोज दिसतो: जिम लावून दोन महिने झालेला मुलगा, खांदे आणि पाठ भरलेली. तुझ्यापुरतं सांगायचं तर सकाळच्या गोड चहात बुडवलेली बिस्किटं आणि संध्याकाळचं कोल्ड्रिंक कमी कर, भाकरी-उसळ खा, आणि आईला सांग शेंगदाण्याची चटणी बंद करायची गरज नाही. आहाराने मुरूम थोडे कमी होतील. आहाराने बरे होतील असं कुणी म्हणालं तर पैसे देऊ नकोस.

आईला एक गोष्ट मात्र खरंच विचार: केसांना तेल किती आणि केव्हा? कपाळावर, केसांच्या रेषेलगत बारीक दाण्यांचं पीक असेल तर बहुतेक वेळा तेल चोपडून घट्ट वेणी घालणं हेच कारण असतं. अमेरिकेत १९७० साली केसांना लावायच्या चोपडणीमुळे होणाऱ्या मुरमांवर लेख आला तेव्हा त्याला ‘पोमेड अ‍ॅक्ने’ नाव दिलं. आपल्याकडे ते खोबरेल तेलाचं आहे. न्हाण्याआधी तासभर लाव, धुऊन टाक, रात्रभर उशीवर नको.

लिंबू चेहऱ्याला चोळू नकोस, ते आम्ल आहे. टूथपेस्ट दातांसाठी आहे.

कधी कधी मुरूम दिसतात ते मुरूम नसतातच. कपाळ, छाती, पाठ इथे एकसारखे बारीक फोड आणि त्यांना खाज असेल तर ती बुरशी असू शकते, मॅलसेझिया. तिला अँटिबायोटिक दिलं की आणखी फोफावते. बी-१२ ची इंजेक्शनं, क्षयाच्या गोळ्यांतलं आयसोनियाझिड, फिट्सची काही औषधं यांनीही असे पुरळ उठतात. म्हणून डॉक्टरांना सगळी औषधं सांग, जिमवाल्याने दिलेली पावडरही.

आणि पाळी. ती पस्तीस दिवसांपेक्षा लांबत असेल, हनुवटीवर जाड केस येत असतील, वजन वाढत असेल, आणि मुरूम जबड्याच्या कडेने जास्त असतील तर पीसीओएसची, म्हणजे अंडाशय आणि संप्रेरकांच्या बिघाडाची, तपासणी करून घे. नुसत्या सोनोग्राफीत ‘गाठी’ दिसल्या म्हणून पीसीओएस होत नाही, हे रिपोर्ट हातात घेऊन रडत येणाऱ्या मुलींना समजावण्यात माझी बरीच संध्याकाळ जाते. तो असेल तर संप्रेरकांच्या गोळ्या किंवा अँड्रोजनला अडवणारं स्पायरोनोलॅक्टोन यांनी चेहरा सुधारतो, जेलचा जोर तिथे अपुरा पडतो.

लाल, पू धरणारे मुरूम खूप असतील तर डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या देतो, पण तीन महिन्यांच्या पुढे सहसा नाही. घेताना पेलाभर पाणी आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून छाती अशी जळते की मुली हृदयविकार समजून येतात. उन्हाचंही सांभाळायचं. गाठी असतील, व्रण पडत असतील, किंवा सगळं करून थकलं असेल, तर आयसोट्रेटिनॉइन. १९८२ पासून वापरात आहे आणि याच्या तोडीचं दुसरं औषध नाही: ते ग्रंथीच आक्रसून टाकतं. वजनाच्या दर किलोला एकूण १२० ते १५० मिलिग्रॅम हा आमचा हिशोब. तुझं वजन ५० किलो धरलं तर सहा ते साडेसात ग्रॅम, रोज वीस मिलिग्रॅमने दहा-बारा महिने. ओठ फुटतील, सगळ्यांचेच फुटतात. यकृत आणि चरबीच्या रक्ततपासण्या कराव्या लागतात. रक्तदान बंद. आणि गर्भावर याचा भयंकर परिणाम होतो, त्यामुळे घेत असताना आणि थांबल्यावर महिनाभर गर्भ राहता कामा नये, यात सूट नाही. आया बाजूला घेऊन विचारतात, “लग्नानंतर मूल होईल ना?” होईल. महिन्याभरात औषध शरीरातून जातं, मूल होण्याच्या क्षमतेला पुढे बाधा येत नाही. मन उदास होण्याबद्दलही विचारतात; मोठ्या अभ्यासांत सरसकट तसं दिसलेलं नाही, पण कुणाला तसं जाणवलं तर त्याच दिवशी फोन करायचा, ‘बघू’ म्हणायचं नाही.

‘कायमचा उपाय’ म्हणतेस. बहुतेकांचे मुरूम पंचविशीनंतर आपोआप ओसरतात, काही बायकांचे चाळिशीपर्यंत रेंगाळतात. आयसोट्रेटिनॉइनच्या कोर्सनंतर बऱ्याच जणांना पुन्हा लागत नाही, काहींना लागतं. बाकी औषधांनी मुरूम ताब्यात राहतात, आणि ताब्यात आल्यावरही अ‍ॅडापलीन चालू ठेवायची असते. चष्म्याला आपण कायमचा उपाय विचारत नाही ना, तसं.

डाग आणि खड्डे यांत गल्लत करू नकोस. सपाट तपकिरी डाग आपल्या सावळ्या त्वचेत मुरूम गेल्यावर राहतातच. ते महिन्यांच्या हिशोबाने फिके होतात, सनस्क्रीन लावलं तर लवकर, अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिडने आणखी लवकर, नखाने टोकरलं तर कधीच नाही. खड्डे मात्र क्रीमने भरत नाहीत, जाहिरात काहीही म्हणो. सुईने खालचे धागे तोडणं, टोकदार खड्ड्यांत तीव्र टीसीए आम्लाचा थेंब, मायक्रोनीडलिंग, लेझर असे उपाय आहेत, खड्ड्याचा आकार बघून निवडायचे, आणि मुरूम थांबल्यानंतर. पार्लरमध्ये सहा सिटिंगचं पॅकेज घेऊ नकोस.

आज एक काम कर. दिवसा, खिडकीच्या उजेडात, फिल्टर न लावता समोरून आणि दोन्ही बाजूंनी तीन फोटो काढ. त्याच जागी, त्याच वेळेला पुन्हा काढायचे ते औषध नीट सुरू केल्यावर बारा आठवड्यांनी. मध्ये आरशात रोज मोजदाद नको. आणि ज्या डॉक्टरांनी जेल दिली होती त्यांच्याकडेच परत जा. सोलवटलं म्हणून सोडली हे सरळ सांग, कुणी रागावत नाही. जाताना ती मेडिकलची ट्यूब सोबत घेऊन जा, रिकामी असली तरी.